फिल्टर कुठे आणि किती : मास्कविषयी वाचकांचे प्रश्न

गणेशोत्सव आणि नवरात्र आटोपले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांबरोबर छायाचित्रांचीही संख्या वाढते. यंदाच्या बऱ्याच पत्रांतील तक्रार एकाच जातीची आहे : फिल्टर हवा तेथे छान लागतो, परंतु नको तेथेही लागतो. म्हणून या अंकात केवळ मास्कविषयीचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या रात्री काढलेल्या फोटोला मी शार्पनिंगचा फिल्टर लावला. बाप्पाच्या मुकुटावरील खडे आणि सोंडेवरची नक्षी उठून आली, परंतु मागचे काळे आकाश आणि गर्दी वाळू पसरल्यासारखी रवाळ दिसू लागली. अशा वेळी मास्क वापरावा असे सर्व जण सांगतात, पण मास्क म्हणजे नेमके काय, हे कोणी समजावून सांगत नाही. — एक वाचक, गिरगाव

उत्तर : मास्क हे स्वतःच एक चित्र आहे, हे आधी मनात पक्के करावे. ते आपल्या फोटोइतक्याच लांबीरुंदीचे असते. त्यात रंग नसतात, फक्त काळा, पांढरा आणि त्यांच्या दरम्यानच्या करड्या छटा असतात, आणि नेहमीच्या आठ बिटांच्या फाइलमध्ये अशा छटा ० ते २५५ मिळून २५६ असतात. आपण फिल्टर लावता तेव्हा सॉफ्टवेअरपाशी दोन चित्रे तयार असतात, एक मूळ आणि दुसरे फिल्टर लागलेले. मास्क जेथे पांढरा असेल तेथे फिल्टर लागलेले चित्र दिसते, काळा असेल तेथे मूळ चित्र दिसते आणि करडा असेल तेथे दोहोंचे मिश्रण दिसते. मिश्रण हा शब्द मी मुद्दाम वापरत आहे, कारण या अंकातील निम्म्या अडचणी त्या शब्दाकडे दुर्लक्ष झाल्याने निर्माण झालेल्या आहेत.

फोटोशॉपमध्ये लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, आणि त्यांचे मास्क १९९४ च्या ३.० या आवृत्तीपासून आहेत. परंतु फिल्टर नंतर बदलता येईल आणि त्यालाच मास्क जोडता येईल अशी सोय २००७ च्या सीएस३ आवृत्तीत स्मार्ट फिल्टरच्या रूपाने आली. फिल्टर मेनूतील ‘कन्व्हर्ट फॉर स्मार्ट फिल्टर्स’ ही आज्ञा आधी द्यावी आणि मग शार्पनिंग करावे. लेयरच्या खाली ‘स्मार्ट फिल्टर्स’ अशी ओळ येते आणि तिच्या सुरुवातीला एक पांढरा चौकोन दिसतो, तोच मास्क. त्यावर क्लिक करून कंट्रोल आणि आय या कळा दाबल्या की तो काळा होतो आणि फिल्टर सगळीकडून नाहीसा झाल्यासारखा दिसतो. आता कडा मऊ असलेला पांढरा ब्रश घ्यावा, त्याची ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, २० ते ३० टक्के ठेवावी आणि मुकुट, डोळे, दागिने, हातातील मोदक एवढेच भाग हळूहळू उजळत न्यावेत. कमी ओपॅसिटीचा ब्रश वारंवार फिरवण्यात वेळ जातो हे खरे, पण हात कोठे थांबवायचा हे डोळ्यांना कळायला तो वेळ लागतोच.

आकाश रवाळ का झाले, तेही सांगतो. शार्पनिंग म्हणजे शेजारशेजारच्या बिंदूंमधील उजेडाचा फरक वाढवणे. रात्रीच्या फोटोत आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, वाढवावा लागतो, त्यामुळे काळ्या भागात नॉइज, म्हणजे रवाळ ठिपके, येतो, आणि नॉइज म्हणजेही शेजारच्या बिंदूंमधील फरकच असल्यामुळे फिल्टर त्यालाही तितक्याच निष्ठेने वाढवतो. मुकुटावरची रेघ आणि आकाशातील नॉइज यांतील भेद त्या फिल्टरला समजत नाही. तो भेद आपल्याला मास्कमधून सांगावा लागतो.

ब्रशने रंगवण्याचा कंटाळा येत असेल, तर फोटोकडूनच मास्क करवून घेता येतो. लेयरची प्रत काढून तिला ‘फाइंड एजेस’ हा फिल्टर लावावा, रंग काढून टाकावेत आणि उलट करावे, म्हणजे कडा पांढऱ्या व सपाट भाग काळे होतात. त्यावर अगदी थोडा गॉशियन ब्लर, म्हणजे चित्र धूसर करणारा फिल्टर, देऊन, लेव्हल्सने काळे भाग आणखी काळे करून ते चित्र मास्कमध्ये पेस्ट करावे. मास्कच्या चौकोनावर ऑल्ट धरून क्लिक केल्यास मास्क पूर्ण आकारात उघडतो, तेव्हाच हे पेस्ट करता येते. कॅमेरा रॉ आणि लाइटरूम या सॉफ्टवेअरच्या शार्पनिंग विभागातील ‘मास्किंग’ हा स्लायडर साधारण हेच काम एका हालचालीत करतो. तो सरकवताना ऑल्ट धरून ठेवली की कोठे शार्पनिंग होणार ते पांढऱ्या रेषांच्या रूपाने पडद्यावर दिसते. आपल्या फोटोच्या बाबतीत मी आधी हा स्लायडर वापरून पाहीन आणि गर्दीतल्या चेहऱ्यांच्या कडा तरीही टोचत असतील, तरच ब्रश हाती घेईन.

प्रश्न : बाणगंगेच्या पायऱ्यांवर आईचा फोटो काढला आहे. तिने हिरवी नऊवारी नेसली असून मागे पाणी आणि देवळे आहेत. मागचा भाग धूसर करण्यासाठी गॉशियन ब्लर लावला आणि मास्कवर आईची आकृती काळजीपूर्वक काळी केली. तरीही तिच्याभोवती हिरवट तेजोवलय दिसते. कडा मी तीनदा नव्याने आखल्या, तरी ते जात नाही. — एक वाचक, वाळकेश्वर

उत्तर : आपल्या कडा मी पत्रासोबतच्या फोटोत पाहिल्या, त्या उत्तम आहेत. दोष कडांचा नाही, म्हणूनच तीनदा आखूनही तो गेला नाही.

मास्क हा फिल्टरचा परिणाम कोठे दिसावा एवढेच ठरवतो; फिल्टरने काय वाचावे, हे तो ठरवत नाही. गॉशियन ब्लर प्रत्येक बिंदूचा रंग त्याच्या आजूबाजूच्या बिंदूंच्या सरासरीने काढतो. आपण त्रिज्या ३० पिक्सेल ठेवली असेल, तर साडीलगतच्या पाण्याचा रंग काढताना त्या सरासरीत साडीचा हिरवाही धरला जातो आणि तो निदान तेवढ्या अंतरापर्यंत पाण्यात उतरतो. हे सारे मास्कचा विचार होण्याआधीच घडलेले असते. नंतर मास्क आईची आकृती स्पष्ट करतो, पण पाण्यात सांडलेला हिरवा रंग पाण्याच्या हद्दीत, म्हणजे मास्कच्या पांढऱ्या भागात असल्यामुळे तो जसाच्या तसा दिसत राहतो.

यावर उपाय एकच : ब्लर करण्यापूर्वी मागच्या चित्रातून आईला उचलून घ्यावे लागते. लेयरची प्रत करावी. वरच्या प्रतीवर आईची आकृती तेवढी दिसेल असा मास्क ठेवावा, आणि तो आपल्याकडे तयारच आहे, फक्त उलटा करून घ्यावा लागेल. खालच्या लेयरवर तिची निवड १५-२० पिक्सेलने वाढवावी आणि ‘कंटेंट-अवेअर फिल’ने ती जागा पाण्या-पायऱ्यांनी भरून टाकावी. ही भर ओबडधोबड झाली तरी चिंता नाही, कारण तिचा बहुतेक भाग आईच्या मागे झाकला जाणार आहे आणि उरलेला ब्लरमध्ये विरघळणार आहे. त्यानंतर खालच्या लेयरला ब्लर द्यावा. आता सरासरीत मिसळायला हिरवा रंगच उरत नाही.

आपल्या फोटोतील आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आई ज्या पायरीवर उभी आहे ती पायरीही धूसर झाल्यामुळे ती हवेत तरंगल्यासारखी दिसते. पावलांखालचा दगड तिच्याइतकाच स्पष्ट हवा आणि तेथून पाण्यापर्यंत धूसरपणा क्रमाक्रमाने वाढायला हवा. येथे बहुतेक जण मास्कमध्ये काळ्याकडून पांढऱ्याकडे जाणारा ग्रेडियंट देतात. शार्पनिंगला ही युक्ती शोभून दिसते, कारण मूळ आणि शार्प चित्राचे निम्मे मिश्रण म्हणजे जवळजवळ निम्मे शार्पनिंगच होते. ब्लरचे तसे नाही. स्पष्ट दगडावर पूर्ण धूसर दगड निम्मा पसरला, तर निम्मा धूसर दगड मिळत नाही; स्पष्ट रेघ आणि तिच्याभोवती धुके असे दोन्ही एकदम दिसते. काचेवर वाफ धरल्यासारखा तो परिणाम असतो, आणि कोणतीही खरी लेन्स असे चित्र देत नाही. आकार बदलणाऱ्या फिल्टरमध्ये तर करड्या मास्कने सरळ दुहेरी प्रतिमा उमटते.

म्हणून पायऱ्यांसाठी फोटोशॉपमधील ‘लेन्स ब्लर’ वापरावा. तोही करडे चित्र वाचतो, परंतु वेगळ्या अर्थाने वाचतो. अल्फा चॅनेलमध्ये, म्हणजे फाइलमध्ये वेगळ्या साठवलेल्या करड्या चित्रात, आपण ठेवलेल्या ग्रेडियंटला तो अंतराचा नकाशा समजतो, काळे ते जवळचे आणि पांढरे ते दूरचे असे धरतो आणि त्या-त्या ठिकाणी ब्लरची त्रिज्याच कमी-अधिक करतो. मिश्रण आणि त्रिज्या यांतील हा फरक एकदा डोळ्यांनी पाहावा. बाणगंगेच्या त्याच पायऱ्यांवर दोन्ही पद्धती करून शेजारी शेजारी ठेवल्या, तर पुन्हा विचारावे लागणार नाही.

प्रश्न : मास्कवर पांढऱ्या ब्रशने रंगवायला गेले, तर फोटोवरच पांढरे फराटे उमटले. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपण मास्कच्या चौकोनावर क्लिक न करता फोटोच्या चौकोनावर क्लिक केले होते. जो चौकोन निवडलेला असतो त्याच्या चारी कोपऱ्यांना बारीक चौकट दिसते; ब्रश टेकवण्यापूर्वी ती चौकट मास्कभोवती आहे, याची खात्री करावी. फोटोशॉपमध्ये मास्क निवडून बॅकस्लॅशची कळ दाबली, तर मास्कचा काळा भाग फोटोवर पारदर्शक लाल रंगात दिसतो आणि राहिलेली भोके लगेच सापडतात.

हा लाल रंग कोठून आला, याची ओढ मला आहे. ऑफसेट छपाईत निगेटिव्हचा काही भाग झाकायचा असेल, तर त्यावर लाल फिल्म ठेवून ती सुरीने कापत असत. छपाईच्या फिल्मला लाल प्रकाश जाणवत नाही, म्हणून ती लाल पट्टी यंत्राच्या दृष्टीने काळी असते, आणि कापणाऱ्याला मात्र तिच्यातून खालचे चित्र दिसत राहते. गिरगावातील एका छापखान्यात उजेडाच्या टेबलावर वाकून ही फिल्म कापणारे कारागीर मी तरुणपणी तासन्‌तास पाहिले आहेत. पडद्यावरचा लाल मास्क पाहताना मला अजूनही त्यांचे हात आठवतात.

प्रश्न : मलबार हिलवरून, कमला नेहरू पार्कच्या बाजूने, मरीन ड्राइव्हचा फोटो हिवाळ्यात घेतला. हवेत धूसरपणा फार होता. ‘डीहेझ’ वाढवल्यावर नरिमन पॉइंटच्या इमारती स्पष्ट झाल्या, परंतु जवळची झाडे काळीठिक्कर पडली आणि आकाशात पट्टे उमटले. — एक वाचक, ताडदेव

उत्तर : धूसरपणा हा अंतराबरोबर वाढतो. आपल्यासमोरच्या झाडात आणि आपल्यात काही मीटर हवा आहे, तर नरिमन पॉइंटपर्यंत काही किलोमीटर. म्हणून डीहेझही अंतराच्या प्रमाणात लागायला हवा. कॅमेरा रॉ किंवा लाइटरूममध्ये लिनिअर ग्रेडियंटचा मास्क घेऊन तो झाडांच्या शेंड्यांपाशी शून्य आणि पलीकडच्या किनाऱ्यापाशी पूर्ण होईल असा ओढावा. या फिल्टरला करड्या छटा चालतात, कारण येथे प्रश्न उजेड आणि रंग यांच्या मात्रेचा आहे, आकारांचा नाही.

अडचण अशी की फोटोतील उंची म्हणजे अंतर नव्हे. जवळच्या झाडाचा शेंडा दूरच्या इमारतींच्या रेषेवर येतो आणि ग्रेडियंटला ते कळत नाही. लाइटरूममध्ये ऑक्टोबर २०२१ पासून मास्क एकमेकांतून वजा करता येतात, त्याचा येथे खरा उपयोग आहे : ग्रेडियंटमधून झाडे वजा करावीत, त्यासाठी ब्राइटनेसच्या पल्ल्यावर चालणारा ल्युमिनन्स रेंज पुरेल, कारण धुक्यापुढे झाडे गडदच असतात. त्यानंतर ‘सिलेक्ट स्काय’ने आकाशही वजा करावे. आकाशात स्पष्ट करण्यासारखे काही नसते. तेथे डीहेझ लावल्याने मुळातच थोड्या असलेल्या छटा ताणल्या जातात आणि पट्टे दिसतात, जेपेग फाइलमध्ये तर हमखास. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या मूळ फाइलमध्ये, काढला असल्यास तीच फाइल घ्यावी.

आणि एक विनंती. मुंबईच्या खाडी-समुद्रावरचा हिवाळी धूसरपणा सगळा पुसून टाकू नये. राणीच्या रत्नहाराचे, म्हणजे मरीन ड्राइव्हचे, पलीकडचे टोक किंचित विरलेले दिसते, म्हणूनच तो उपसागर फोटोत रुंद वाटतो.

प्रश्न : बहिणीच्या हळदीच्या फोटोंत चेहऱ्याची त्वचा नितळ करताना नथीचे मोतीही गुळगुळीत होतात. शिवाय त्याच फोटोला शार्पनिंग केले, तर नितळ केलेला चेहरा पुन्हा खरखरीत होतो. दोन्ही फिल्टरना वेगळे मास्क कसे द्यावेत? — एक वाचक, लालबाग

उत्तर : एका स्मार्ट ऑब्जेक्टवर, म्हणजे ‘कन्व्हर्ट फॉर स्मार्ट फिल्टर्स’ने तयार होणाऱ्या लेयरवर, कितीही स्मार्ट फिल्टर लावले, तरी फोटोशॉप त्या सर्वांना मिळून एकच मास्क देते. आपली अडचण नेमकी येथे आहे. त्वचेचा फिल्टर लावून त्याचा मास्क पूर्ण झाला की तो लेयर पुन्हा एकदा स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये रूपांतरित करावा. पहिला फिल्टर आणि त्याचा मास्क आत सुरक्षित राहतो आणि बाहेरच्या आवरणावर शार्पनिंग व त्याचा स्वतंत्र मास्क ठेवता येतो. आतले बदलायचे असेल, तर लेयरच्या चौकोनावर दोनदा क्लिक करावे.

त्वचेच्या मास्कमध्ये डोळे, भुवया, ओठ, नाकपुड्यांच्या कडा, केसांची रेषा आणि नथ हे सारे काळे ठेवावे. नथीजवळ ब्रश लहान करून कडा थोड्या कठीण कराव्यात, कारण मोत्याची कड फोटोत कठीण आहे. गालावर मात्र ब्रश मऊच हवा, कारण गालाला कड नसते. मास्कची कड फोटोतील कडेइतकीच मऊ किंवा कठीण असावी, हा माझा एकमेव आग्रह आहे. ‘फेदर’चा, म्हणजे कड मऊ करण्याचा, एकच आकडा सगळीकडे लावण्याची सवय म्हणूनच सोडावी. शिवाय तो आकडा पिक्सेलमध्ये असतो : ६००० पिक्सेल रुंदीच्या कॅमेऱ्याच्या फोटोत ५ पिक्सेलचा फेदर जेमतेम जाणवतो, तोच व्हॉट्सअॅपवरून आलेल्या लहान फोटोत अख्खा मोती गिळतो.

पूर्वी डार्करूममध्ये एन्लार्जरच्या प्रकाशात तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती धरून चेहरा उजळ ठेवत असत, आणि ती चकती क्षणभरही स्थिर ठेवायची नाही, सतत हलवत राहायची, हा पहिला धडा असे. स्थिर ठेवली की कागदावर चकतीची कड उमटे. मऊ ब्रश आज तेच काम करतो.

आपण पाठवलेल्या फोटोंत आजीही हळद लावताना दिसतात आणि त्यांचाही चेहरा तितकाच नितळ केलेला आहे. तेथे मास्क पूर्ण काळा करावा, असे मी आपल्याला मनापासून सुचवतो. नव्वदीच्या हाताने नातीला हळद लागत असताना त्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ फोटोत राहायला हवी. बहिणीच्या चेहऱ्यावरही मास्क पूर्ण पांढरा न ठेवता करड्या ब्रशने योग्य तेवढा करडा करावा, म्हणजे त्वचेची रंध्रे दिसत राहतील आणि हळदीचे कण त्वचेवर बसलेले वाटतील.

प्रश्न : माझ्याकडे संगणक नाही, फोटो मोबाइलवरच करते. घरच्या जुन्या संगणकावर मुलगा काही विनामूल्य मिळाले तर बसवून देईन म्हणतो. — एक वाचक, कांजूरमार्ग

उत्तर : मोबाइलवर स्नॅपसीड विनामूल्य आहे आणि त्यात मास्क आहे, फक्त तो मास्क या नावाने दिसत नाही. फिल्टर लावून झाल्यावर केलेल्या बदलांची यादी, म्हणजे ‘व्ह्यू एडिट्स’, उघडावी, त्या फिल्टरवर टेकवून ब्रशचे चिन्ह निवडावे आणि बोटाने रंगवावे. आवृत्तीनुसार ही चिन्हे थोडी इकडेतिकडे असू शकतात. दोन बोटांनी फोटो मोठा करून रंगवले, तर जाड बोटानेही बारीक कड सांभाळता येते. लोकलच्या गर्दीत मात्र हे काम करू नये, हात हलला की कडा पुन्हा कराव्या लागतात.

संगणकावर क्रिटा बसवून घ्यावे. लेयरवर राइट क्लिक करून ‘फिल्टर मास्क’ जोडला की फिल्टर आणि मास्क एकत्रच मिळतात आणि फिल्टर केव्हाही बदलता येतो. गिंप हेही उत्तम आहे. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून त्यात फिल्टर नंतर बदलण्याची सोय आहे. जुन्या संगणकावर २.१० आवृत्तीच चालत असेल, तर लेयरची प्रत करून प्रतीला फिल्टर लावावा आणि त्या प्रतीला लेयर मास्क द्यावा. परिणाम तोच मिळतो, फक्त फिल्टरची मात्रा बदलायची झाल्यास प्रत नव्याने करावी लागते.

काम जतन करताना क्रिटात केआरए आणि गिंपमध्ये एक्ससीएफ ही त्यांची स्वतःची फाइल आधी ठेवावी, मगच जेपेग करून नातेवाइकांना पाठवावी. जेपेगमध्ये मास्क राहत नाही, आणि दिवाळीनंतर कोणी मोठी प्रत मागितली की त्याचीच गरज भासते.